चाकाशिवाय मातीची भांडी: माती, भेगा आणि भाजणं

ओलीमाती

नमस्कार मंडळी. सध्या एका हौशी वर्गात हाताने मातीची भांडी करायला शिकतेय. चाक नाही. गोळा चिमटत वाटी, वळ्या रचून उंच भांडं, लाटून कापलेल्या पट्ट्या जोडून चौकोनी डबा, असं चाललंय. वर्गात पाकिटातली तयार माती देतात. वाळलेलं भांडं ते कुठेतरी भाजायला नेतात आणि भाजलेलं हातात देतात. आधीचं आणि नंतरचं काहीच दिसत नाही. मला नेमकं तेच शिकायचंय.

शिवाय मला शोभेची वस्तू नकोय. कालवणाला एक बसकं भांडं करायचंय, जमलं तर दह्याला एक. पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, गॅलरी आहे, अंगण नाही. गावाकडच्या शेतातली काळी माती आणून घरी एक वाडगं करून पाहिलं, तर वाळता वाळता बुडाला आरपार भेग गेली आणि काठालाही दोन. माती चुकली की हात? आणि घरी भाजायचा काही मार्ग आहे का? ओव्हनमध्ये होईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ

ओव्हनमध्ये नानकटाई होईल.

बाकी धागा छान, रुमाल टाकून ठेवतो.

उष्णांक

टवाळराव, चेष्टा सोडली तर उत्तर तेच आहे. घरचा ओव्हन जातो जेमतेम २५० अंशांपर्यंत. त्यात माती फक्त कोरडी होते. तिच्या कणांमध्ये रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी असतं, ते साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघतं. ते निघालं की माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. त्या तापमानाच्या खाली कितीही तापवा, पाण्यात ठेवलीत की विरघळणार. बाजारात 'हवेत वाळणारी माती' मिळते, तीही याच कारणाने भांड्यासाठी बाद. तिची पणतीसुद्धा करू नये, करायचीच तर पुतळी करावी.

भेगांबद्दल सवडीने लिहितो. पण माती चुकली की हात, याचं उत्तर बहुतेक 'माती' असंच निघेल.

आव्याकडचा

आम्ही घरचे कुंभार, सातारा जिल्हा. मी स्वतः नोकरीत आहे, पण दिवाळी-संक्रांतीला आव्याला (भांडी भाजायची आमची भट्टी) हात लावतो, त्यामुळे चार गोष्टी सांगू शकतो.

ताई, शेतातली निव्वळ काळी माती भांड्याला चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आवळते. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती तुमच्या वाडग्यात आहे. आम्ही ओढ्याचा किंवा तळ्याचा गाळ घेतो, त्यात तांबडी-पिवळसर माती घालतो आणि वर चाळलेली लीद व राख. लीद घोड्याची किंवा गाढवाची, वाळवून, कुटून, चाळून. शहरात लीद कुठून आणणार, तर बारीक वाळू घाला किंवा फुटक्या कौलाची, खापराची पूड करून घाला. पूड रव्याएवढी हवी, पिठाएवढी नको. सुरुवातीला पाच वाट्या मातीला एक वाटी धरा, मग हाताला कसं लागतं ते बघून कमी-जास्त करा.

आणि एक. माती भिजवायची तर आधी खडखडीत वाळवून, फोडून मग पाण्यात टाका. कोरडं ढेकूळ पाण्यात आपोआप फसफसून विरतं. अर्धवट ओलं ढेकूळ आठवडाभर तसंच बसून राहतं. नवखी माणसं इथेच दमतात.

ओलीमाती

काका, फार आभार. एक शंका आहे. वर्गात सांगतात की माती जितकी बारीक आणि लोण्यासारखी तितकी चांगली. खरखरीत माती हाताला बोचते आणि भांडं ओबडधोबड दिसतं. मग पूड मुद्दाम का घालायची?

आव्याकडचा

काका नका म्हणू, दादा चालेल :)

शोभेच्या वस्तूला बारीक माती घ्या की. पण तुम्हाला चुलीवर ठेवायचं भांडं हवंय. पाणी प्यायच्या माठाची माती आणि कालवणाच्या भांड्याची माती आमच्या घरात कधीच एक नसते. जे आगीवर बसणार त्याला भरड माती. वर्गातल्या गुळगुळीत मातीचं भांडं गॅसवर ठेवाल तर पहिल्याच उकळीला बूड सुटेल.

उष्णांक

दादांनी एका ओळीत सांगितलं, त्यामागचं कारण मी सांगतो.

भांड्याचं बूड तापतं तेव्हा ते प्रसरण पावतं. वरचा भाग अजून थंड असतो, तो ओढून धरतो. त्या ताणातून बारीक तडा जातो. माती एकजीव आणि घट्ट असेल तर तडा अडत नाही, सरळ काठापर्यंत धावतो. आत भरड कण आणि बारीक पोकळ्या असल्या की तडा कणाशी किंवा पोकळीशी येऊन थांबतो. म्हणजे आगीवरच्या भांड्यात शेकडो सूक्ष्म तडे असतातच, पण कुठलाच लांब जात नाही. लीद, तूस असलं काही भाजताना जळून जातं आणि जागेवर पोकळी सोडतं. खापराची पूड एकदा भाजून झालेली असते, त्यामुळे ती पुन्हा आवळत नाही आणि एकूण मातीचं आवळणं कमी करते. एकाच पुडीत दोन कामं होतात: वाळताना भेग नाही, तापताना तडा नाही.

दुसरं म्हणजे आकार. सपाट बूड आणि उभी भिंत यांचा काटकोन हा ताण साठायचा सगळ्यात वाईट कोपरा. म्हणून स्वयंपाकाची जुनी मडकी बुडाला गोल असतात. गॅसच्या शेगडीवर गोल बूड डुगडुगतं हे मान्य, पण निदान कोपरा तरी गोलावून घ्या.

पाटावरवंटा

आमच्या खानदेशात खापरावरच्या पुरणपोळ्या करतात, त्याचं उदाहरण इथे चपखल बसेल. ते खापर म्हणजे पालथी घातलेली मातीची मोठी कढईच. खाली लाकडाचा जाळ, वर हातावर फिरवून मोठी केलेली पोळी टाकायची. खालून भडका, वरून गार ओली पोळी, तरी खापर टिकतं. हात लावून पाहिलंत तर चांगलंच खरखरीत लागतं, आणि सपाट जागा त्याला औषधालाही नसते. माझ्या सासूबाईंचं खापर फुटलं ते धक्क्याने, जाळाने नाही.

खापरखुंटी

वाचतेय. पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे म्हणून थोडं मागचं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती. त्यांची जोर्वे पद्धतीची भांडी (अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून नाव पडलं) चाकावरची आहेत. लाल अंगावर काळी नक्षी, पातळ, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी. पण त्याच घरांमध्ये धान्य साठवायचे मोठे रांजण मात्र हाताने केलेले, जाड, भरड मातीचे, आणि त्यावर मातीच्या पट्ट्या चिकटवून बोटाने दाबून केलेली नक्षी. ज्यांना चाक उत्तम येत होतं, तेच लोक गरजेप्रमाणे हाताने भांडी करत होते. तिथे कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली आहे. लहान मुलं गेली की त्यांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत, त्यातही हाताने केलेली भरड मडकी आढळतात.

म्हणून 'चाक नाही म्हणजे लुटुपुटुचं' असं कोणी म्हणालं तर मला राग येतो. वर्गात तसं म्हणणारे भेटतात.

आव्याकडचा

बरोबर बोललात. लोकांना वाटतं कुंभार म्हणजे चाक. अहो, माठसुद्धा चाकावर पुरा होत नाही. चाकावर जाड, लहान आणि बिनबुडाचा उतरवतात. मग जरा आवळला की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने हळूहळू थापायचं. भिंत पातळ होत जाते, पोट फुगतं, बूड मिटतं. पोटाचा गोलवा सगळा हाताचा. गोरोबाकाकांनी संतांची डोकी कच्ची की पक्की हे थापटण्यानेच तपासलं, चाकाने नाही!

चुली, शेगड्या, बैलपोळ्याचे बैल, तुळशीवृंदावन हे सगळं चाकाशिवाय. आमच्यात जुन्या काळी बायका चाकावर बसत नसत, पण चुली सगळ्या आजीच्या हातच्या. बाजारात चुलीला माठापेक्षा भाव कमी, पण चूल फुटून परत आली असं मी ऐकलं नाही. आता माझी पुतणी विजेच्या चाकावर बसते, आणि आजीच तिला शिकवते.

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय. इथे एका सार्वजनिक कार्यशाळेत विजेची भट्टी भाड्याने मिळते, त्यामुळे भाजायचा प्रश्न सुटला. लाल मातीची भांडी मी साधारण १००० अंशांवर भाजतो. ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लावायचं तर पुन्हा एकदा, साधारण १०५० च्या आसपास.

ईशान्येकडची दोन उदाहरणं द्यावीशी वाटतात. मणिपूरमधल्या उखरूल जिल्ह्यात लोंगपी गावची काळी भांडी चाकाशिवाय करतात. तांगखुल नागा लोक सर्पेंटाइन नावाचा दगड कुटून त्याची पूड मातीत मिसळतात. वर उष्णांक यांनी भरड कणांचं लिहिलंय, ते वाचून मला हीच भांडी आठवली. ती थेट आगीवर ठेवतात. आसामात माजुलीच्या सालमोरा गावात बायका चाक न वापरता भांडी घडवतात, नदीकाठची माती खणून.

उष्णांक, तुम्ही भेगांबद्दल लिहिणार होतात. मीही वाट बघतोय. माझ्या थाळ्या वाळताना कडेने वर उचलल्या जातात.

उष्णांक

लिहितो. ओली माती वाळताना आवळते हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतो ते हे की सगळं भांडं एकाच वेगाने आवळलं तर काहीच होत नाही. भेग पडते ती वेग वेगळा असल्यामुळे. काठ पातळ आणि हवेला उघडा, तो आधी वाळतो. बूड जाड आणि टेबलाला चिकटलेलं, ते शेवटी वाळतं. काठ आवळून बसला, आता बूड आवळायला लागलं, पण त्याला सरकायला जागा नाही. मग ते मधोमध फाटतं. ओलीमाती यांच्या वाडग्यात आधी काठ आणि मग बूड गेलं असणार.

उपाय साधे. भांडं ओट्यावर किंवा टाइलवर वाळवू नका. खाली वर्तमानपत्राचा कागद किंवा चिमूटभर वाळू, म्हणजे बूड सरकू शकेल. काठावर ओलसर फडकं किंवा पिशवी, म्हणजे तो मागे राहील. काठ हाताला घट्ट लागला की भांडं पालथं घाला, बुडाला वारा मिळू दे. पंखा बंद. ऊन तर नकोच, निदान पहिले काही दिवस. थाळीला वरून हलकं वजन ठेवा आणि खालून हवा लागेल अशा जाळीवर वाळवा, कडा उचलल्या जाणार नाहीत. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवा. पाऊण सेंटिमीटर पुरे. नवख्या हाताचं बूड नेहमी दुप्पट जाड असतं, वाळायच्या आधी खालून खरवडून काढा.

वळ्या जोडताना दोन्ही बाजू काट्याने खरवडून पातळ चिखल लावा, नंतर आतून बाहेरून बोटाने एकात एक मिसळा. नुसतं दाबून बसवलेली वळी वाळताना सुटते. आणि जोडणाऱ्या दोन्ही भागांचा ओलावा सारखा हवा. कालच्या भांड्याला आजचा ताजा कान लावाल तर तो पडणारच.

टवाळ

'कालच्या भांड्याला आजचा कान'. म्हण होण्याच्या मार्गावर.

तांबडमाती

कोकणातून. आमच्याकडची तांबडी माती जांभ्याची. रंग सुंदर येतो, पण नुसती घेतली तर वळत नाही, तुटते. ती चिकट मातीत मिसळावी लागते, म्हणजे पुणेकरांच्या उलट अडचण. वळी पेन्सिलीएवढी करून बोटाला गुंडाळून बघायची. न चिरता गुंडाळली गेली तर माती भांड्याला लायक. खूप चिरली तर कस नाही.

डिचोलीची माती आणि मडकी आमच्या भागात नावाजलेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माशाच्या कालवणाची मातीची भांडी अजून मिळतात. ओलीमाती, घेऊन बघा एक, नुसतं हातात धरून. बुडाचा गोलवा, भिंतीची जाडी, काठाचा कल, सगळं त्यातून शिकता येतं. मी तेच केलं.

एक विचारायचं होतं. माझ्या काही भांड्यांवर भाजल्यावर आठवड्याभराने पांढरा ठिपका दिसतो आणि त्यावरची खपली उडून खड्डा पडतो. भांडं फुटत नाही, पण विद्रूप होतं. कुणाला कारण माहीत आहे?

उष्णांक

चुनखडीचे खडे. दख्खनच्या मातीत ते सर्रास असतात, बाहेरून माती आणून मिसळली असेल तर त्यातून आले असतील. साधारण ८०० अंशांच्या पुढे चुनखडीचा कळीचा चुना होतो. भांडं थंड झालं की तो हवेतली ओल ओढतो, फुगतो आणि वरची खपली उडवतो. ओळखायचं सोपं: कोरड्या मातीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. मग माती पातळ कालवून बारीक जाळीतून किंवा जुन्या सुती साडीतून गाळून घ्या. मोठे खडे गेले की प्रश्न बहुतेक मिटतो. पिठासारखा बारीक चुना त्रास देत नाही.

गाळून घट्ट करताना जुन्या सुती चादरीत बांधून टांगा, पाणी ठिबकून जाईल. आणि फ्लॅटवाल्यांसाठी: हे पाणी किंवा चिखलाचे हात बेसिनमध्ये धुऊ नका. बादलीत धुवा, माती तळाला बसू द्या, वरचं पाणी झाडांना. नाहीतर प्लंबर महिन्याला भेटीला येईल. सुकी माती झाडायचीही नाही, ओल्या फडक्याने पुसायची. धूळ फुप्फुसाला वाईट.

आव्याकडचा

आमच्याकडे कच्च्या मातीला चुना लागला की ती फेकूनच देतात. गाळायला वेळ कोणाला आहे.

ओलीमाती

किती माहिती! घाबरले पण उत्साह वाढला. आता मुख्य प्रश्न भाजण्याचा. सोसायटीत धूर केला तर सेक्रेटरी मला भाजतील. गावी अंगण आहे. तिथे गोवऱ्यांत भाजता येईल का? आणि भांड्यात हवेचा बुडबुडा राहिला तर फुटतं म्हणतात, ते खरं का?

उष्णांक

बुडबुड्याची बातमी जगभर पसरलीय आणि अर्धवट आहे. हवा फुटत नाही, पाणी फुटतं. भिंतीत ओल राहिली आणि १०० अंशांच्या वर पटकन गेलात तर त्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्यापेक्षा साधारण सोळाशेपट जागा लागते. ती मिळत नाही म्हणून तुकडा उडतो. बुडबुड्यात ओल साठते म्हणून त्याच्यावर आळ येतो. पोकळ चिमणी वगैरे करणार असाल तर एक बारीक भोक ठेवाच, पण मुख्य गोष्ट पूर्ण कोरडं करणं. भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे, अजून थांबा.

आणखी एक टप्पा ५७३ अंशांचा. मातीतल्या वाळूच्या कणांची, म्हणजे क्वार्ट्झची, रचना तिथे अचानक बदलते आणि कण फुगतो. थंड होताना उलट. म्हणून चढतानाही आणि उतरतानाही त्या भागात घाई नको. आवा झाला की लगेच उघडायची ऊर्मी येते, ती आवरा.

आव्याकडचा

अंगणात भाजायचं सांगतो. पहिल्यांदा छोटी भांडीच घ्या, हातात मावतील एवढी.

पावसात नको. जमीनच ओली असते, खालून वाफ येते. आमचा हंगाम दिवाळीनंतर चालू होतो, संक्रांतीची सुगडं, मग माठ, ते अक्षय्य तृतीयेच्या करा-केळीपर्यंत. कोरडी, वारा पडलेली संध्याकाळ बघा.

आधी जागेवर थोडा जाळ करून जमीन तापवा, निखारे बाजूला करा. भांडी त्या कडेला फिरवत फिरवत हाताला चटका बसेल इतकी तापवून घ्या. हे चुकवू नका. मग खाली खापराचे तुकडे पसरा, त्यावर गोवऱ्या, त्यावर भांडी पालथी, एकमेकांना जास्त चिकटून नाही. भोवती आणि वर गोवऱ्या रचा, पेंढा, आणि सगळ्यावर फुटक्या खापरांचं आवरण. वर ओला चिखल-राख लिंपतात, पण अंगणातल्या छोट्या आव्याला खापरं पुरतात. आग वाऱ्याच्या उलट्या बाजूने लावा. ती हळू चढली पाहिजे. भडका उडाला तर राख टाकून दाबा. रात्रभर राहू द्या. सकाळी राख कोमट झाली की काढा.

लाल हवं तर हवा खेळू द्या. काळं हवं तर तापलेल्या आव्यावर ओला भुसा किंवा शेणी टाकून वरून राख घालून आवा कोंडून टाका. धूर आतच मुरतो.

पहिल्या खेपेला दोन-चार फुटणार. आमचीही फुटतात, म्हणून आम्ही मोजून जास्तच करतो.

दूरदेशी

दादा, गेरू कधी लावता? आणि चकाकी येते ती घासून की तेलाने?

आव्याकडचा

काव, म्हणजे तुमचा गेरू, पाण्यात कालवून, नखाने ओरखडा उठेल पण बोटाने दबणार नाही इतकं वाळलं की लावायची. सुकली की गुळगुळीत गोट्याने घासायचं. नदीतला गोटा, शहरात चमच्याची पाठ. तेलाचं बोट चालतं, पण चमक घासण्यानेच येते. फार तापलं तर ती उडते, तुमच्या १००० अंशांच्या भट्टीत टिकणार नाही बहुधा.

उष्णांक

अगदी. घासून आणलेली चमक हवी तर ९०० च्या खालीच थांबा. उघड्या आव्यात तसंही तेवढंच होतं, ७०० ते ९०० च्या दरम्यान.

पाटावरवंटा

भाजून आलं की लगेच गॅसवर ठेवू नका बरं. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तांदळाची पेज किंवा तांदूळ धुतलेलं पाणी भरून अगदी मंद आचेवर तापवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा करायचं. पिठूळ पाण्याने बारीक छिद्रं बुजतात आणि गळणं कमी होतं. गॅस कायम मंद, खाली जाळी. तापलेल्या भांड्यात गार पाणी नाही, थंड ओट्यावर टेकवायचं नाही. इंडक्शनवर चालत नाही हे सांगायला नको.

साबण लावायचा नाही, तो आत मुरतो आणि पुढच्या आमटीत येतो. गरम पाणी, काथ्या आणि ऊन. मासळीचं भांडं वेगळं, दह्याचं वेगळं. दही मातीत घट्ट लागतं कारण पाणी भिंत शोषून घेते.

तांबडमाती

आणि कालवणाच्या भांड्याला ग्लेझ नकोच. कुठल्या हौशी दुकानातलं ग्लेझ लावलंत आणि त्यात शिसं असलं तर कोकम, चिंच, दही यांच्या आंबटाने ते सुटून पोटात जातं. कमी तापमानाला वितळावं म्हणून अशा मातीच्या भांड्यांवर शिसं वापरायची जुनी पद्धत होती. रंगवलेली मडकीही शोभेलाच ठेवा.

खापरखुंटी

ज्यांना नीट शिकायचंय त्यांच्यासाठी: चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ या कामासाठी नावाजलेला आहे. बेळगावजवळ खानापूरला खादी-ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात सिरॅमिकचा विभाग आहे. धारावीचा कुंभारवाडा नुसता फिरून यावा असा, तिथले बहुतेक कुंभार मूळचे सौराष्ट्रातले. आणि पुणेकरांनी डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघावं, माझा पक्षपात लक्षात घेऊन.

ओलीमाती

अपडेट! गावच्या तळ्याचा गाळ आणला. लिंबू पिळलं, फसफसलं नाही. गाळून, वाळवून त्यात कौलाची पूड घातली. माती किती आवळते ते बघायला ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ती वाळवली. निव्वळ काळ्या मातीची रेघ ८.६ झाली, नवीन मिश्रणाची ९.३. फरक डोळ्यांना दिसतो. वळ्यांचं बसकं भांडं केलंय, बूड गोलसर, कागदावर, काठावर फडकं. अजून भेग नाही.

गावच्या कुंभारदादांना विचारलं, ते म्हणाले संक्रांतीच्या सुगडांच्या आव्यात एका कडेला ठेवून देतील. गालाला गार लागत असेल तर आणू नका, असं त्यांनीही सांगितलं!

आता झाकणाचं विचारायचं होतं. वेगळं करून वाळवलं तर बसत नाही. मापाने मोठं करू का?

आव्याकडचा

मापात पडू नका. झाकण भांड्यावर ठेवूनच वाळवा आणि भाजताना शक्य तर जोडीनेच भाजा. दोघं सारखंच आवळतात. मध्ये कागदाची पट्टी ठेवा, चिकटणार नाही. आणि झाकणाला वाफेचं भोक आत्ताच पाडा, वाळल्यावर पाडायला गेलात तर चिरेल.

त्या कुंभाराला सुगडांच्या आधीच्या आव्याचं विचारा. ऐन संक्रांतीच्या आव्यात त्याचा जीव सुगडांत असतो, तुमचं भांडं कडेला थंड जागी पडेल आणि कच्चं राहील.

टवाळ

आणि मग गोरोबाकाकांना बोलवावं लागेल.

ओलीमाती

:) विचारते. डिसेंबरचा आवा मिळाला तर इथेच फोटो टाकते. फुटलं तरी टाकते.